एक गाडी, एक हात

परवा सापगावच्या पुलावर पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला. मीही मारला. म्हणजे पाय ठेवला, पण तो ब्रेकवर पुरता पोचलाच नाही. पाठीमागे लावलेल्या दोन उशांपैकी एक सरकून खाली गेली होती आणि तिच्यासोबत मीही मागे गेले होते. बोटांच्या टोकांनी कसाबसा ब्रेक दाबला. गाडी थांबली ती टेम्पोपासून वीतभर अंतरावर. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी, स्वरा. ती म्हणाली, "मम्मी, माझी बाटली पडली."

तिला तेवढंच दिसलं. मला मात्र त्या रात्री झोप नाही. वीतभर म्हणजे नक्की किती, हे मी गादीवर हातानं मोजत पडले होते.

उशा कशाला, ते सांगते. आमच्या जुन्या गाडीची ड्रायव्हरची सीट बटणावर चालते. दाराच्या बाजूला स्विच आहे, तो ढकलला की खाली मोटार फिरते आणि सीट पुढे-मागे सरकते. सरकायची, म्हणजे. गेले दहा महिने ती पार मागे जाऊन अडकली आहे. माझा नवरा नितीन, त्याच्या लांब पायांना जिथे हवी होती, तिथे. नितीन गेल्या श्रावणात तापानं गेला, आठवड्याच्या आत. माझी उंची चपलेसकट पाच फूट. म्हणून उशा.

यातली लाजेची गोष्ट अशी की आमचं घरच ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे. शहापूरहून मुरबाडकडे येताना रस्त्याला लागून आमचं गॅरेज. माझे सासरे, त्यांना सगळे आबा म्हणतात, ते अशा सीटांसाठीच प्रसिद्ध आहेत. वाशिंदपासून मुरबाडपर्यंत कुणाची सीट अडकली की गाडी आमच्या दारात. आणि आबांना घरच्या गाडीची सीट दहा महिन्यांत दुरुस्त करता येत नाही. त्या रात्री पायाची काळजी संपली की ही दुसरी सुरू व्हायची: आबांचा हात गेला की काय? कारण नितीननंतर आमचं घर त्या एका हातावर उभं आहे.

झोप येत नसली की मी गॅरेजमधले किस्से आठवते. आमच्याकडे दोन गोष्टी नेमानं साठतात, उरलेले स्क्रू आणि किस्से. प्रत्येक गाडी जोडून झाल्यावर एक स्क्रू उरतो, तो कुठला ते कुणीच कबूल करत नाही आणि तो बिस्किटांच्या डब्यात जातो. किश्शांना डबा नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात.

*

आबांची एक पद्धत आहे. गाडी आली की ते गाडीकडे बघत नाहीत. मालकाला बाकड्यावर बसवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचं कोण बसलं होतं?"

मुरबाडचे एक गुरुजी आले होते. त्यांची सीट पुढे जाऊन अडकलेली. स्टेअरिंग पोटात. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या पोटानं हॉर्न वाजायचा. मुरबाडपासून ते तसेच वाजत आले, आणि रस्त्यानं लोक बाजूला होऊन नमस्कार करत होते म्हणे.

आबांनी बटण दाबून कान लावला. खाली मोटार गुरगुरत होती. "मोटार ओरडते पण सीट हलत नाय, म्हणजे स्विच बरा हाय. रुळात काय तरी अडकलंय."

सीट सोडून बघितली तर रुळाच्या खाचेत चांदीचा करंडा. कुंकू अजून आत. गुरुजींच्या मुलीच्या लग्नातला. तो हरवला तेव्हा गुरुजींच्या बायकोनं त्यांच्या बहिणीवर संशय घेतला होता, आणि बहीण दोन वर्षं घरी आली नव्हती.

गुरुजींनी करंडा उघडून बघितला, परत मिटला. मग हळूच म्हणाले, "आबा, हा सापडलाच नाय असं करता येईल का?"

"येईल की," आबा म्हणाले. "होता तिथं ठेवतो परत. मग सीट पण पुढंच राहील."

*

लग्नानंतरचा माझा पहिला दसरा. मी बीएस्सी फिजिक्स, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं जास्त लागेल.

दसऱ्याला गॅरेजमध्ये जे जे चालतं त्याची पूजा. मला वाटलं, नवी सून आहे, हात आखडता नको. दुरुस्तीला आलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या. मी बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकांना लावलं. मग मनात आलं, या घराला अन्न कशानं मिळतं? सीटच्या स्विचनं. म्हणून तिन्ही गाड्यांच्या स्विचना ओलं हळदकुंकू, आणि वर फुलानं पाणी शिंपडलं. मनापासून.

दिवाळीच्या आत तिन्ही गाड्या परत. एकाची सीट आपोआप झोपत होती. सिग्नलला उभा असला की हळूहळू आडवा व्हायचा.

नितीननं स्विच उघडले. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा थर, त्यात लाल छटा. तो पट्ट्या पॉलिश पेपरनं घासत होता आणि इतका हसत होता की त्याच्या हातातून स्प्रिंग उडाली. मी दाराआड उभी. मला वाटलं, आता आबा माझ्या शिक्षणावर काहीतरी बोलणार.

आबा म्हणाले, "मेघा गो, देव स्विचात नसतो. करंटात असतो. त्याला ओलं चालत नाय."

आज हे लिहिताना लक्षात येतं, की नितीनला त्याआधी इतकं हसताना मी बघितलं नव्हतं. नंतरही फार वेळा नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

*

आमच्या गॅरेजचा कायदा एकच आहे. एक गाडी, एक हात. ज्यानं गाडी उघडली त्यानंच ती मिटायची. दुसऱ्यानं मध्ये हात घालायचा नाही, सांगितल्याशिवाय बघायचंही नाही. हा कायदा वाशिंदच्या एका शेठमुळे झाला.

शेठची तक्रार अशी, की पुढचं बटण दाबलं की सीट मागे जाते आणि मागचं दाबलं की पुढे. आधी कुणीतरी तारा उलट्या जोडलेल्या. आबांनी दुपारी तारा सुलट्या केल्या आणि जेवायला गेले. नितीन मागून आला, त्याला तक्रार ठाऊक होती, काम झालंय हे ठाऊक नव्हतं. त्यानंही तारा फिरवल्या. शेठ गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तीच तक्रार.

बापानं मुलाला विचारलं नाही, मुलानं बापाला विचारलं नाही. दोघांनाही वाटलं आपलंच चुकलं. दोघांनीही एकमेकांना चोरून पुन्हा एकेकदा तारा फिरवल्या.

तिसऱ्यांदा शेठ आले तेव्हा म्हणाले, "राहू द्या. आता मला सवय झाली. आता सुलटी केलीत तर मी भिंतीला धडकीन."

त्या दिवसापासून कायदा. नितीननं तो खडूनं भिंतीवर लिहिला. अक्षर त्याचंच आहे. पावसात भिंतीला ओल आली तेव्हा आबांनी तेवढ्या भागावर प्लास्टिक चिकटवलं.

*

नितीन गेल्यावर महिन्यानं मी गॅरेजमध्ये बसायला लागले. आधी फक्त फोन घ्यायला. आबांना बोलायचं नसायचं, म्हणून.

एकदा टोकावड्याकडचा काशिनाथ आला. तिकडच्या एका शेतघरवाल्यांच्या मोठ्या गाडीवर तो ड्रायव्हर आहे. त्याला काही कळलं नव्हतं. "नितीनला बोलवा. सीट मागं जात नाय. बाकी समदं चालतं."

आबा म्हणाले, "तो बाहेर गेलाय."

"मग आमी थांबतो. काय घाई नाय."

आणि तो थांबला. बाकड्यावर बसून त्यानं दोन चहा घेतले. प्रत्येक मोटरसायकल थांबली की मान वर करायचा. मला ते बघवेना. मी आबांना विचारलं, "मी उघडू?" आबांनी एकदा भिंतीकडे बघितलं आणि मान डोलावली.

आबांनी शिकवलेलं पाठ होतं. सीटचं सगळंच मेलं असेल, पुढं-मागं, वर-खाली, पाठ, सगळं, तर आधी फ्यूज. एकच बाजू मेली असेल तर स्विच. मी टेस्टरचा दिवा घेतला. स्विचपर्यंत करंट येत होता. मागचं बटण दाबून मोटारीच्या तारेवर टोक ठेवलं, दिवा लागला नाही. मोटारीला बॅटरीवरून सरळ करंट दिला, तर सीट गुमान मागे गेली. म्हणजे स्विचच. उघडला, आतली एक पट्टी काळी पडून वाकलेली. माझ्याही हातातून बारकी स्प्रिंग उडाली ती थेट काशिनाथच्या चहात. त्यानं बोटानं काढून, पुसून दिली.

आबा तीन पावलांवर उभे. एकदाही हात पुढे केला नाही.

सीट मागे गेली तेव्हा मला रडू आलं, म्हणून मी घरात जाऊन बाथरूमचा नळ सोडला. माझी ती पद्धत आहे. नळ चालू असला की आवाज बाहेर जात नाही. स्वरासमोर रडायचं नाही हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

परत आले तर काशिनाथ गाडीत बसला होता. म्हणाला, "वहिनी, बरं केलंत. नितीनला सांगा, येऊन गेलो म्हणून."

"सांगते," मी म्हणाले.

*

स्वराबद्दल सांगायला हवं. तिनं दहा महिन्यांत बाबाचं नाव काढलेलं नाही. रडली नाही, विचारलं नाही. तिच्या बाई म्हणतात, "छान सावरली हो." मला ते छान वाटत नाही. मी मोबाइलवर वाचते, की मुलं दुःख आत ठेवतात आणि ते पुढे कधीतरी बाहेर येतं. कधी, ते लिहिलेलं नसतं.

आधी ती अशी नव्हती. नितीन तिला मांडीवर घेऊन फ्यूजचा खेळ खेळायचा. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. "हॉर्नचा कुठला? काचेचा कुठला? खुर्चीचा कुठला?" ती प्लास्टिकच्या बारक्या चिमट्यानं बरोबर तो उपटून द्यायची आणि टाळ्या वाजवायची. सीटला ती खुर्ची म्हणते. आता ती गॅरेजमध्ये येते, बाकड्यावर बसून अभ्यास करते, आणि गाड्यांकडे बघतही नाही. मी तिला हसवायला एकदा विचारलं, "हिरवा कितीचा गं?" तर म्हणाली, "मला पाढे पाठ करायचेत."

*

आता आमच्या गाडीचा किस्सा.

सीटचं सगळंच मेलं होतं. पुढं-मागं, वर-खाली, पाठ. अशा वेळी आधी काय बघायचं, हे आता तुम्हीसुद्धा सांगाल. मीही विचारलं होतं, पहिल्याच महिन्यात.

"आबा, फ्यूज बघितला?"

"बघितला."

"मोटार?"

"मोटारीला काय झालं नाय."

"मग?"

"बघतो गो. सवडीनं बघतो."

गाडी त्यांनी उघडली होती. त्यामुळे माझा हात चालत नव्हता. दोन महिन्यांनी परत विचारलं तर म्हणाले, "जुनं मॉडेल हाय, सामान मिळत नाय." त्यानंतर मी विचारणं सोडलं. लोकांच्या सीटा ते अजून करत होते, पण मी चोरून बघायला लागले. चष्मा कितीदा पुसतात, स्क्रू किती वेळा पडतो. एकदा पकड दोनदा सुटली तर मी त्या दिवशी जेवले नाही. माणसाचा हात जायला लागतो तेव्हा तो आधी घरच्या कामात जातो, असं मीच मनाशी ठरवून टाकलं. आणि गप्प राहून उशा घेतल्या. एक पुरेना, म्हणून दोन.

पुलाचं मी त्यांना सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आबा दाढी करायला शहापूरला गेले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कायदा मोडला. स्टेअरिंगखालचं फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, टॉर्च मारला.

सीटच्या हिरव्या फ्यूजची जागा रिकामी होती. जळलेला नाही, सैल नाही. नव्हताच.

मी झाकण हातात घेऊन तशीच बसले. आबा आले, गुळगुळीत दाढी, कानामागे फेस राहिलेला. त्यांनी झाकण बघितलं.

"आबा, फ्यूजच नाही."

"हां."

"तुम्ही तर म्हणालात, बघितला."

"बघितला. नव्हता." ते बाकड्यावर बसले. "पोरीनं काढलाय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी इथूनच बघितली तिला. चिमटा घेऊन आली, झाकण काढलं, बरोब्बर तोच उपटला आणि दप्तरात टाकला. नितीननं शिकवलेलं, जसंच्या तसं."

गॅरेजमध्ये हिरव्या फ्यूजचं भरलेलं खोकं आहे. मी त्या खोक्याकडे बघितलं.

"मग दुसरा का नाही लावलात?"

"तिच्या बापाची जागा हाय ती. तिला ती हलू द्यायची नसंल." आबांनी भिंतीकडे हात केला. "गाडी तिनं उघडली. मी कसा हात घालू?"

मग मी पुलाचं सांगितलं. वीत दाखवली. ते ऐकताना आबांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, सांगायला नको होतं. ते उठले, कानामागचा फेस पुसला आणि रस्त्याकडे तोंड केलं.

"आता लाव," ते म्हणाले. "पण आधी तिला इचार. तिनं ज्या कारणानं काढला ते समजल्याबिगर लावू नको."

संध्याकाळी स्वरा शाळेतून आली. मी वाक्यं तयार ठेवली होती. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर या, आवाज शांत ठेवा, तिला बोलू द्या, हे सगळं वाचलेलं. मी गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकले. आबा मागे आवरलेलाच टूलबॉक्स परत आवरत होते.

"स्वरा, आपल्या गाडीच्या सीटचा फ्यूज तू काढलास?"

तिनं दप्तर उघडलं, कंपास उघडला. पेन्सिलीचे तुकडे, खोडरबर, आणि कोपऱ्यात हिरवा फ्यूज. कापसात ठेवलेला. तो तिनं माझ्या हातावर ठेवला.

"का गं काढलास, बाळा?"

मला वाटलं, आता येणार. दहा महिन्यांचं सगळं आता येणार, आणि मला एकटीला ते झेपणार नाही.

"आबा रडत होता," ती म्हणाली.

"कधी?"

"तू घरात होतीस. पाहुणे होते. आबानं खुर्ची पुढं घेतली, तुझा पाय पोचायला. मग रडला. मग मागं नेली. परत पुढं घेतली, परत रडला. मग मागं नेऊन ठेवली आणि खूप रडला. म्हणून काढला."

मागे टूलबॉक्सचा आवाज थांबला.

मी फ्यूज मुठीत धरला. तयार केलेलं एकही वाक्य आठवेना. एवढंच विचारलं, "मग आता लावू?"

तिनं माझ्या खांद्यावरून आबांकडे नीट बघितलं. आबा गाडी तपासताना बघतात तसं.

"आता तो नाय रडत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण तू नळ सोडून रडणार असशील, तर नको लावू."